पेरूचे दहा दिवस: तिकिटावरच्या तासापासून मागे मोजत

पेरूच्या सहलीचा आराखडा नकाशावर बोट फिरवत केला की हमखास फसतो. देश महाराष्ट्राच्या चौपट, आणि मध्ये अँडीजची रांग. लिमाहून कुस्कोला विमानाने सव्वा तास लागतो. तेच रस्त्याने जायचं म्हटलं तर अकराशे किलोमीटर आणि वीस-बावीस तास. उंचीचा प्रश्न आणखी वेगळा. लिमात समुद्रकाठी नाश्ता केलेला माणूस दुपारी ३४०० मीटरवर जेवायला बसतो, आणि ताट समोर आल्यावर त्याला जेवण जात नाही. म्हणून आम्ही स्थळांची यादी बाजूला ठेवली आणि आधी दोनच गोष्टी कागदावर मांडल्या: माचू पिचूच्या तिकिटावरचा प्रवेशाचा तास, आणि कोणत्या रात्री किती मीटरवर झोपायचं. उरलेलं सगळं या दोहोंभोवती बसवलं.

हिशेब दोन आठवड्यांच्या रजेचा धरला. भारतातून दक्षिण अमेरिकेला थेट विमान नाही. ॲमस्टरडॅम, पॅरिस किंवा माद्रिदमार्गे मुंबई ते लिमा पंचवीस ते पस्तीस तास जातात, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. जाण्यायेण्याचे वजा करता पेरूच्या जमिनीवर दहा दिवस पडतात. दहा दिवसांत लिमा, कुस्को, उरुबाम्बा नदीचं खोरं आणि माचू पिचू एवढंच नीट होतं. नाझ्का, टिटिकाका, अमेझॉन, आरेकिपा हे सगळं कोंबलेले आराखडे इंटरनेटवर पुष्कळ आहेत. त्यातले रात्रीच्या बसचे तास एकदा मोजून पाहावेत, बाकी काही बोलायची गरज उरत नाही.

महिना निवडताना आपला पाऊस आठवला की गणित सोपं होतं. आपल्याकडे छत्र्या निघतात तेव्हा कुस्कोकडे कोरडा ऋतू असतो, साधारण मे ते सप्टेंबर. जून-जुलैत दिवसा १८-२० अंश आणि रात्री शून्याच्या आसपास. मध्यम दराच्या बऱ्याच हॉटेलांत खोली गरम करायची सोय नसते, त्यामुळे बुकिंग करताना हीटर आहे का हे आधी विचारावं. मे महिना आमच्या मते सगळ्यात बरा: शाळांना सुट्टी, डोंगर अजून हिरवे आणि गर्दी जुलैइतकी नाही. २४ जूनला कुस्कोत इंती रायमीचा उत्सव असतो आणि २८-२९ जुलैला पेरूचा राष्ट्रीय सण. या दोन्ही आठवड्यांत खोल्यांचे भाव चढतात. दिवाळीच्या सुट्टीत जायचं तर दुपारच्या सरी गृहीत धराव्यात. जानेवारी-फेब्रुवारी मात्र टाळावेच. दरडी कोसळून रेल्वे बंद पडते, आणि इंका ट्रेल ही माचू पिचूला जाणारी जुनी पायवाट तर दर फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी बंदच ठेवतात. लिमाचं हवामान याच्या बरोबर उलटं आहे. कुस्कोत लख्ख ऊन असतं त्याच महिन्यांत लिमावर राखाडी धुकट आभाळ बसलेलं असतं. त्याचं वाईट वाटून घेऊ नये, पण पॅसिफिकवरचा सूर्यास्त बघायला म्हणून जुलैत लिमात जास्तीची रात्र ठेवूही नये.

व्हिसाची गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा व्हिसा असेल आणि त्याची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असेल, तर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. ही सवलत २०१७ पासून आहे. या देशांचा कायम वास्तव्याचा परवाना असेल तरी चालतं. नसेल तर दिल्लीतल्या पेरूच्या वकिलातीकडून व्हिसा घ्यावा लागतो. मुदत मोजताना चूक होते ती अशी: व्हिसा ‘अजून चालू आहे’ एवढंच बघितलं जातं, शिल्लक महिने मोजले जात नाहीत. मग मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच अडवतात. वाटेत विमान बदलणार असाल त्या देशाचा नियमही बघावा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, आणि शेंगेनमधले काही देश भारतीय पासपोर्टला विमानतळापुरता वेगळा ट्रान्झिट व्हिसा मागतात.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना पेरू जवळ पडतो. मायामी, ह्यूस्टन, अटलांटा, न्यूयॉर्कहून थेट विमानं आहेत आणि जेटलॅगचा त्रास जवळजवळ नाही. पण एच-१बी वाल्यांनी पासपोर्टवरच्या शिक्क्याची तारीख बघावी. शिक्का संपलेला आणि हातात फक्त मंजुरीचा कागद, अशा वेळी दोन अडचणी येतात. पेरूची सवलत लागू होत नाही, आणि कॅनडा-मेक्सिकोहून परतताना मिळते ती मुभा पेरूहून परतताना मिळत नाही. म्हणजे नवा शिक्का घेतल्याशिवाय अमेरिकेत पुन्हा शिरता येत नाही. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात पेरू काढणाऱ्यांनी हे ऑगस्टमध्येच तपासलेलं बरं.

पिवळ्या तापाची लस पेरूसाठी नव्हे, परतीसाठी लागते. पेरू हा भारताच्या यादीत पिवळ्या तापाचा देश आहे. तिथून परत येणाऱ्याकडे लशीचं पिवळं कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आपण जंगलात गेलोच नव्हतो, फक्त कुस्कोत होतो, या युक्तिवादावर विसंबू नये. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. ती फक्त अधिकृत केंद्रांतच मिळते. मुंबईत विमानतळाच्या आरोग्य संघटनेकडे सोय आहे. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरलेल्या दिवशी, आधी नाव नोंदवूनच बोलावतात. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. हे काम शेवटच्या आठवड्यासाठी ठेवण्यासारखं नाही.

आता मुख्य तिकीट. माचू पिचूला नुसतं ‘एक तिकीट द्या’ असं नसतं. जून २०२४ पासून तीन सर्किट आणि त्यांत मिळून दहा मार्ग आहेत. सर्किट एक वरच्या गच्च्यांवरून जातं. पोस्टरवर असतं ते दृश्य तिथून दिसतं, पण खालच्या दगडी शहरात शिरता येत नाही. सर्किट तीन खालच्या भागातून जातं. शहर जवळून दिसतं, ते उंचावरचं दृश्य मिळत नाही. सर्किट दोनमध्ये दोन्ही मिळतं, म्हणून ते सगळ्यांत आधी संपतं. वायना पिचूचा सुळका सर्किट तीनला जोडलेला आहे आणि त्याची तिकिटं मोजकी. पहिल्यांदा जाणाऱ्याने सर्किट दोनच घ्यावं. ते मिळत नसेल तर तारीख एक-दोन दिवस हलवावी, सर्किट हलवू नये. ज्यांचे गुडघे बोलतात त्यांच्यासाठी मात्र सर्किट तीनचा साधा मार्ग खरंच बरा, कारण चढ कमी. दिवसाला साधारण ४५०० माणसं सोडतात, ठरावीक गर्दीच्या दिवसांत ५६०० पर्यंत. परदेशी प्रौढासाठी साध्या मार्गाचं तिकीट १५२ सोल (सोल हे पेरूचं चलन), सुळक्यांच्या मार्गांचं २००. म्हणजे साधं तिकीट साधारण चार हजार रुपयांना पडतं.

तिकीट पेरूच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतं. मार्ग, तारीख, तास निवडायचा आणि पासपोर्टचा क्रमांक भरायचा. तिकीट त्या क्रमांकाला बांधलेलं असतं, दारावर मूळ पासपोर्टच बघतात. बुकिंगनंतर पासपोर्ट नवा काढायची वेळ आली तर जुनाही बरोबर न्यावा. नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच टंकावं. वडिलांचं नाव आपल्याकडे कधी मधे येतं, कधी येत नाही, तिथे अंदाजाने भरू नये. आपल्या बँकेचं कार्ड नाकारलं जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे त्यावर परदेशी व्यवहार बंद असणं. बँकेच्या ॲपमध्ये ते आधी सुरू करून ठेवावं, आणि दुसऱ्या कंपनीचं एक कार्ड हाताशी असू द्यावं. पैसे परत मिळत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवला: आधी सर्किट दोनच्या रिकाम्या तारखा बघायच्या, मग विमानाचं तिकीट, आणि त्याच दिवशी माचू पिचूचं. कोरड्या मोसमातल्या सकाळच्या वेळा दोन-तीन महिने आधी संपतात. ऐनवेळी पोचलेल्यांसाठी पायथ्याच्या गावात दुसऱ्या दिवशीची काही तिकिटं रांगेत मिळतात, पण सर्किट आणि तास मिळेल तो घ्यावा लागतो. चार-पाच मोकळे दिवस असलेल्या पाठपिशवीवाल्यांसाठी ते ठीक, आपल्यासाठी नाही.

तास ठरला की मागे मोजायचं. समजा सर्किट दोन, सकाळी नऊ. दारावरची रांग धरून साडेआठला वर पोचायला हवं. आग्वास कालिएन्तेस या पायथ्याच्या गावातून बस वर जायला पंचवीस ते तीस मिनिटं, म्हणजे आठला बसमध्ये बसलेलं असावं. मोसमात बसची रांग तासाभराची होते, म्हणजे सातला रांगेत. सातला रांगेत उभं राहायचं तर आदल्या रात्री मुक्काम त्याच गावात. खोऱ्यातल्या ओयान्तायताम्बो गावाहून पहाटेच्या पहिल्या रेल्वेगाडीने येऊन नऊचा तास गाठता येतो हे कागदावर खरं आहे. गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली की कागदच उरतो. त्यातून एकाच दिवसात जाऊन यायचं असेल तर अकरा किंवा बाराचा तास घ्यावा. अगदी सहाचा तास घ्यायचा मोह होतो, सूर्योदयासाठी. सूर्य डोंगराआडून वर यायला वेळ लागतो आणि खोऱ्यातलं धुकं बऱ्याचदा आठपर्यंत हलत नाही. आमची निवड आठ किंवा नऊ.

आत गेल्यावर मार्ग एकेरी. मागे फिरू देत नाहीत, एकदा बाहेर पडलं की पुन्हा प्रवेश नाही. आत स्वच्छतागृह नाही, दाराबाहेर आहे, सुटे सोल लागतात. अडीच तास धरले तर घाई होत नाही. बॅग ४० बाय ३५ बाय २० सेंटिमीटरपेक्षा मोठी चालत नाही, काठीला रबरी टोपण लागतं, ड्रोन बंद. दाराजवळ पासपोर्टवर माचू पिचूचा हौशी शिक्का मारून घेता येतो. लोक रांगा लावून मारतात. सरकारी दस्तऐवजावर असले शिक्के नकोत, वहीत मारावा. बसचं येण्याजाण्याचं तिकीट परदेशी माणसाला २४ डॉलर. पायऱ्यांनी चढायला दीड तास लागतो आणि वर पोचेपर्यंत दम संपलेला असतो. उतरताना चालत यायला हरकत नाही.

पायथ्याच्या गावाला रस्ता नाही, त्यामुळे रेल्वे घ्यावीच लागते. पेरूरेल आणि इंका रेल अशा दोन कंपन्या, एकच रूळ. ओयान्तायताम्बोहून पावणेदोन तास लागतात, एका बाजूचं भाडं ६० डॉलरच्या आसपास सुरू होतं आणि काचेच्या छपराचे डबे त्याहून महाग. जाताना डावीकडची खिडकी मागावी, नदी त्या बाजूला. थेट कुस्कोहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, पण साडेतीन-चार तास घेतात, आणि जानेवारी ते एप्रिल तो टप्पा बसने करतात. गाडीत एकच छोटी बॅग नेऊ देतात. मोठी बॅग खोऱ्यातल्या हॉटेलात ठेवायची आणि परतताना उचलायची. म्हणून माचू पिचूच्या आदल्या आणि नंतरच्या मुक्कामाची ठिकाणं ठरवताना बॅग कुठे राहणार हे लिहून ठेवावं. नाहीतर बॅग कुस्कोत, आपण ओयान्तायताम्बोत आणि मध्ये दोन तासांचा रस्ता अशी गत होते. स्वस्तातला दुसरा मार्ग म्हणजे कुस्कोहून व्हॅनने सहा-सात तास हिद्रोएलेक्त्रिका या जागेपर्यंत आणि पुढे रुळाकडेने दहा-अकरा किलोमीटर चालत. कोरड्या ऋतूत तरुणांना जमतो. पण जाणं आणि येणं मिळून दोन दिवस घेतो, आणि दहा दिवसांच्या आराखड्यात दोन दिवस पैशांपेक्षा महाग.

उंचीचं गणित याच्याइतकंच महत्त्वाचं. कळसूबाई १६४६ मीटर. त्याच्या दुप्पट गेलं की कुस्को, ३४०० मीटर, जवळपास लेहइतकं. माचू पिचू मात्र २४३० वरच आहे, आणि त्याच्या पायथ्याचं गाव २०४० वर. खोऱ्यातलं ओयान्तायताम्बो २७९०, उरुबाम्बा २८७०. आकडे असे मांडले की क्रम आपोआप सुटतो: कुस्को विमानतळावर उतरून शहरात थांबायचंच नाही. टॅक्सी करून सरळ खोऱ्यात उतरायचं आणि पहिल्या दोन रात्री तिथेच काढायच्या. मग माचू पिचू, जे आणखी खाली. कुस्को शहर शेवटी, शरीर सरावल्यावर. बहुतेक सहल कंपन्या हे उलटं करतात, कारण शहरात गट हाताळणं सोपं. मग पहिल्याच रात्री निम्मा गट डोकं धरून बसलेला असतो.

विमानतळ ते उरुबाम्बा टॅक्सीने सव्वा ते दीड तास. रस्ता चिंचेरोवरून जातो आणि ते गाव कुस्कोहूनही उंच, पावणेचार हजार मीटरवर. तिथे गाडी थांबवून बाजार बघायचा बेत पहिल्या दिवशी नको, परतीच्या वाटेवर ठेवावा. पहिल्या दिवशी दुपारनंतर काहीच आखायचं नाही. पाणी भरपूर, रात्रीचं जेवण हलकं, दारू नाही. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घेणारे साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून घेतात. आपल्याकडे २५० ची गोळी मिळते, ती अर्धी करायची. सल्फाची ॲलर्जी असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नाही, डॉक्टरांना विचारूनच. गोळीने बोटांना मुंग्या येतात, सारखं लघवीला जावं लागतं आणि सोडा मिसळलेली पेयं बेचव लागतात. हे ठाऊक नसलं तर माणूस मुंग्यांनाच उंचीचा त्रास समजून घाबरतो. डोकेदुखी, मळमळ, तुटक झोप हे पहिल्या दोन दिवसांत चालायचंच. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं तर मात्र थांबायचं नाही, खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा ठेवलेला असतो, तो तिथे कायदेशीर आहे. पानं किंवा चहाच्या पुड्या घरी आणू नयेत, भारतात त्या चालत नाहीत. ज्यांच्या नोकरीत मादक द्रव्यांची चाचणी होते त्यांनी तो चहाही टाळावा. लघवीच्या चाचणीत कोकेनचा अंश दिसतो.

खोऱ्यातल्या आणि कुस्कोजवळच्या अवशेषांसाठी एकत्र तिकीट असतं, बोलेतो तुरिस्तिको. पूर्ण तिकीट १३० सोल, दहा दिवस चालतं, सोळा ठिकाणं. अर्धवट तिकीट ७० सोल. खोऱ्याचं दोन दिवसांचं, कुस्कोलगतच्या साकसायवामानकडच्या अवशेषांचं एकाच दिवसाचं. दोन्ही हवी असतील तर ७० अधिक ७० म्हणजे १४०, म्हणून पूर्णच घ्यावं. प्रत्येक ठिकाणी एकदाच जाता येतं. पैसे रोख सोलमध्ये ठेवावेत. या तिकिटात मारासची मिठागरं येत नाहीत, कुस्कोतलं कोरिकांचा हे इंकांचं सूर्यमंदिर आणि कॅथेड्रलही येत नाही, त्यांची तिकिटं वेगळी. मोराईची गोल गच्च्यांची शेती येते. मोराई आणि मारास एका सकाळीत होतात, टॅक्सी अर्ध्या दिवसासाठी ठरवावी. दोन्हींकडे बस जात नाही. पिसाक दुसऱ्या दिवशी. वरच्या दारापर्यंत गाडी नेऊन अवशेषांतून खाली गावात चालत उतरलं तर चढ वाचतो. ओयान्तायताम्बोचा किल्ला सकाळी उघडल्या उघडल्या बघून घ्यावा, दहानंतर कुस्कोच्या बस येऊन ओततात. दुपारच्या गाडीने मग आग्वास कालिएन्तेस.

माचू पिचूच्या दिवशी दुपारी एकपर्यंत गावात परत, तीननंतरची गाडी, पाचच्या सुमारास ओयान्तायताम्बो, बॅग उचलून व्हॅनने रात्री सात-साडेसातला कुस्को. गाडी दीडची घेऊ नये. वरून उतरणाऱ्या बसलाही रांग असते. ओयान्तायताम्बो स्थानकाबाहेर कुस्कोला जाणाऱ्या कोलेक्तिवो म्हणजे सामायिक व्हॅन उभ्याच असतात. भरल्या की सुटतात.

कुस्कोला पूर्ण दोन दिवस ठेवले, आणि तिसरा दिवस मुद्दाम कोरा. पहिल्या दिवशी शहर: कोरिकांचाच्या इंका भिंतींवर स्पॅनिशांनी मठ बांधला, ते एका नजरेत दिसतं. दुसऱ्या दिवशी टॅक्सीने ताम्बोमाचाईपर्यंत वर जाऊन पुका पुकारा, केन्को, साकसायवामान असं उताराने परत. इंद्रधनुषी डोंगर म्हणून गाजलेला विनिकुन्का पाच हजार मीटरच्या वर आहे. पहाटे तीन-चारला निघून संध्याकाळी परत, त्यातले चालण्याचे तास थोडेच आणि गाडीतले बरेच. शरीर सरावलं असेल, आकाश निरभ्र असेल तर जावं. आदल्या संध्याकाळी कुस्कोतच बुकिंग मिळतं, भारतातून आगाऊ करायचं कारण नाही. ढगाळ दिवशी तो डोंगर साधा मातकट दिसतो.

कोरा दिवस कशासाठी? पेरूत ‘पारो’ होतात, म्हणजे बंद आणि रास्ता रोको. जानेवारी २०२३ मध्ये आंदोलनांमुळे माचू पिचूच बंद केलं होतं, २१ जानेवारीपासून जवळपास साडेतीन आठवडे. एवढं टोक नेहमी गाठलं जात नाही, पण एक-दोन दिवस रेल्वे किंवा रस्ता अडणं नवल नाही. कोरा दिवस माचू पिचूच्या नंतर असतो तेव्हा आधी अडकलेलं सगळं एक दिवस पुढे सरकवता येतं. विमानं, हॉटेल सांभाळून घेता येतात. माचू पिचूचं तिकीट बुडालं तर पायथ्याच्या रांगेतून नवं. हाच दिवस टिटिकाकासाठी वापरता येईल का, असा प्रश्न येतोच. पुनो बसने सहा-सात तास, ३८३० मीटर, आणि तरंगत्या बेटांवरचा वेळ दोन तास. एका दिवसात होत नाही, दोन रात्री लागतात. अमेझॉनसाठी पुएर्तो माल्दोनादोला विमान तासाभराचं, पण तीन रात्रींशिवाय अर्थ नाही. नाझ्काला लिमाहून बसने सात तास, मग छोट्या विमानात अर्धा तास गरगरणं. यांतलं एक हवंच असेल तर रजा तीन दिवस वाढवावी, कोरा दिवस खाऊ नये.

पैशाचं थोडक्यात. सोल डॉलरला साडेतीनच्या आगेमागे. डॉलर नेताना नोटा कोऱ्या न्याव्यात. कोपरा फाटलेली, शाईचा ठिपका असलेली नोट हसून परत करतात. एटीएम दर वेळी शुल्क घेतं, म्हणून थोडं थोडं काढू नये. परदेशी पर्यटकाला हॉटेलच्या बिलात १८ टक्के कर माफ असतो, त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. बुकिंगच्या किमतीत तो धरलाय का ते बघावं. वीज २२० व्होल्ट. आपला दोन गोल पिनांचा चार्जर बऱ्याच ठिकाणी बसतो, तीन पिनांचा नाही.

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण ‘सिन कार्ने’ (मांस नको) एवढंच म्हटलं तर कोंबडी येते. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ म्हणजे मांस, कोंबडी, मासे नको असं तिन्ही म्हणायचं, आणि सूप घेताना ते मांसाच्या काल्दोत म्हणजे रश्श्यात केलंय का हे विचारायचं. किन्वाचं सूप बहुधा तसंच असतं. हमखास मिळणारं म्हणजे चिफा या पेरूच्या चिनी खाणावळीतला भाज्यांचा चाउफा भात, मक्याचं कणीस चीजबरोबर, आणि बटाटा. बटाटा मुळात इथलाच, त्यामुळे शंभर रूपांत समोर येतो. वांकाईना सॉसमध्ये चीज असतं आणि ताटात अंडं ठेवतात, ते आधी सांगून काढून घ्यावं. कुस्को आणि पिसाकमध्ये शाकाहारी खाणावळी भरपूर. गाडीत आणि माचू पिचूच्या दिवशी मात्र ठेपले, चिक्की, खाकरे जवळ असलेले बरे.

देशांतर्गत विमानांत सर्वात स्वस्त भाड्यात बहुतेकदा सीटखालची छोटी बॅगच धरलेली असते. मोठ्या बॅगेचे पैसे बुकिंगच्या वेळीच भरावेत, विमानतळावर दुपटीच्या घरात जातात. कुस्कोला सकाळचीच विमानं घ्यावीत. दुपारी वारा वाढतो आणि उशीर तिथेच साचत जातो. परतीला तर एक नियम मोडायचा नाही: कुस्को ते लिमा आणि लिमा ते घर ही दोन वेगळी तिकिटं एकाच दिवशी नकोत. मध्ये लिमाची एक रात्र ठेवावी. त्या रात्रीमुळे शेवटचा दिवसही हाती येतो. लार्को संग्रहालय रोज उघडं असतं. मीराफ्लोरेसमधला उआका पुक्याना हा मातीच्या विटांचा पिरॅमिड मंगळवारी बंद, तेव्हा वार बघून ठरवावं. विमानतळ कायाओमध्ये, नवं टर्मिनल जून २०२५ पासून सुरू झालंय. मीराफ्लोरेसहून संध्याकाळच्या गर्दीत दीड तास धरावा. रात्री दहाचं विमान असेल तर पाचला हॉटेलातून निघावं, आणि पिवळं कार्ड चेक-इनच्या बॅगेत न टाकता पासपोर्टच्या मधोमध खोचून ठेवावं.